मागच्या कोपऱ्यातली थंडी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. मला हात नाहीत, तरी माझ्या हातून एकदा एक मूल जाता जाता राहिले. ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, पोटात नळ्या बसवल्या, दाराला रबर लावले. मग एका कामगाराने कागदाची पट्टी मध्ये धरून माझे दार लावले आणि ती ओढून पाहिली. पट्टी हलली नाही. "पास," तो म्हणाला. मला मिळालेले ते पहिले कौतुक.

या घरात आजीने मला आणले तेव्हा तिचा मुलगा शाळेत जात होता. आजी मला दर आठवड्याला पुसायची आणि बर्फ साचला की बंद करून वितळवायची. पुढे मुलगा छापखान्यात कामाला लागला, सून शिवणकामाला जाऊ लागली, आजीचे गुडघे दुखू लागले आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. रबर सैल झाले. वरच्या बर्फाच्या कप्प्याला पांढरी दाढी फुटली. पूर्वी मी थोडा वेळ घरघरून थांबायचो. आता थांबायचे विसरू लागलो. कप्प्याखालचा मागचा कोपरा हळूहळू गोठू लागला. घरातले मात्र म्हणायचे, "म्हातारा झाला, पण गार काय करतो!" मलाही ते ऐकून बरे वाटायचे.

घरात एक नात होती, पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. एकदा ती घागर रिकामी करावी तसे पाणी पिऊ लागली, तरी ओठ कोरडेच. आठ दिवसांत वाळली. दवाखान्यातून परत आली ती औषधाचे खोके घेऊन. टाइप वन डायबिटीस. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हते, म्हणून ते रोज जेवणाआधी सुईने द्यायचे आणि बाटल्या माझ्या पोटात ठेवायच्या. चालू बाटली दारात असायची. बापाने छापखान्यातून जाड कागद आणला, त्यावर रेघा मारल्या आणि माझ्या दारावर चिकटवला. भिंगरीच्या बोटातून थेंब काढला की आई त्यावर शुगरचा आकडा लिही. सुरुवातीला आकडे बरे होते. एकशे तीस, एकशे साठ.

मग उन्हाळा आला. शिल्लक बाटल्या गरम होतील म्हणून आईने त्यांची खोकी अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याखाली सरकवली. बापाने थंडीचे बटण शेवटपर्यंत फिरवले. दोघांनीही जीव लावूनच केले. गोठलेले इन्सुलिन वापरू नये, असे खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते. ती अक्षरे माझ्या भिंतीकडे तोंड करून होती.

चालू बाटली संपली तेव्हा आईने मागचे एक खोके न उघडता दारात आणून ठेवले. सकाळपर्यंत आतला बर्फ वितळला. बाटली पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. तिच्यातला जीव गेला होता, हे मला ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते.

दोनशे नव्वद. तीनशे चाळीस. चारशे दहा. आकडे माझ्या दारावर होते आणि कारण माझ्या पोटात.

घरात संशय सुरू झाला. आजीने फार आधी एकदा भिंगरीला लिंबाची गोळी दिली होती आणि स्वतःच कबूलही केले होते. आता ती गोळी सगळ्यांना आठवली. आईने साखरेचा डबा कपाटावर चढवला. बापाने आजीची पेटी उघडून पाहिली, अगदी तिच्या उशीचा अभ्रासुद्धा काढला. काही सापडले नाही.

"आई, खरं सांगा, काय देता तिला?" सून म्हणाली.

"काही नाही गं."

"मग आकडे काय खोटं बोलतात?"

आजीने विस्कटलेली पेटी पुन्हा लावली. त्याच रात्री तिने लेकीकडे जायला पिशवी भरली आणि प्रवासासाठी पाण्याची एक बाटली माझ्या मागच्या कोपऱ्यात ठेवली, त्या खोक्यांना लागून.

भिंगरी दुसऱ्या दिवशी फिरली नाही. पलंगावर पडून होती, दोनदा ओकली होती. तिचा श्वास खोल आणि भरभर चालला होता, आणि त्याला नासलेल्या फळांसारखा वास येत होता. आई घाबरून आणखी इन्सुलिन देत होती. त्याच बाटलीतले.

निघताना आजीने माझे दार उघडले. तिची बाटली जागची निघेना. ओढून काढली, उलटी केली, पण आत काही हलले नाही. आजी तशीच पलंगापाशी गेली.

"सूनबाई, हे बघ. पाण्याचा दगड झालाय. त्या खोक्यांना लागूनच ठेवलं होतं मी."

सुनेने आधी तिच्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. धावत येऊन तिने मागचे खोके फोडले. काचेच्या आत पांढरा दगड होता.

भिंगरीला उचलून ती अनवाणी दवाखान्याकडे पळाली. आजी मागून बाटल्या घेऊन गेली. तीन दिवस घर रिकामे होते. मी थंड करत राहिलो. मला दुसरे काही येत नाही.

भिंगरी वाचली. परत आल्यावर सून आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आई, पिशवी उघडा. मी रिकामी करते." बाप दारात मान खाली घालून उभा होता.

मेकॅनिकने दुसऱ्या एका जुन्या फ्रिजचे थंडीचे बटण काढून मला बसवले. "चालेल काही दिवस," म्हणाला. दवाखान्यातल्या नर्सने दिलेला छोटा थर्मामीटर आता माझ्या पोटात टांगला आहे. काटा हिरव्या पट्टीत असला तर ठीक. आजी सकाळ-संध्याकाळ तो बघते आणि मगच चहा घेते.

काल आजी दोन दिवसांसाठी लेकीकडे गेली. जाताना सगळ्यांना बजावून गेली. सगळे "हो हो" म्हणाले. दारावरचे आकडे महिनाभर चांगले आहेत, त्यामुळे घर निश्चिंत आहे.

आज सकाळपासून मी पुन्हा थांबायचे विसरलो आहे. काटा हिरव्या पट्टीच्या खाली, गोठण्याकडे उतरला आहे. बाहेर ताटे मांडल्याचा आवाज येतो आहे. भिंगरी गाणे म्हणत गरगर फिरते आहे. आता कुणीतरी बाटली घ्यायला येईल.

मित्रांनो, घरात आकडे बिघडले तर माणसाच्या पेटीआधी माझे पोट तपासा. माझा बर्फ काढा, माझे रबर बघा. आणि मी गार करतो एवढ्यावरून माझ्यावर विश्वास ठेवू नका. पावले जवळ आली आहेत. दार उघडाल, तेव्हा बाटलीला हात लावण्याआधी काट्याकडे बघा.