रद्द म्हणजे नेमकं काय रद्द?

सकाळपासून दोन बटणांवर घोडं अडलं होतं. लिखाणासाठीच्या नव्या एडिटर ॲपच्या मेनूतले शब्द ठरवायचं काम तिचं, बटणं आखायचं काम समोरच्या डिझायनरचं. फाइल बंद करताना चौकट उघडायची, 'बदल रद्द करायचे?' आणि खाली बटणं, 'ठीक' आणि 'रद्द'.

"अरे, पण रद्द म्हणजे काय रद्द? बदल रद्द, की रद्द करणंच रद्द?" तिने पुन्हा विचारलं.

"बटणात एकच शब्द मावतो. आणि लोक इतके बावळट नसतात गं."

तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी निवृत्त नर्स. वापरून बघ म्हणून तिनेच मावशीला एडिटर दिला होता आणि मावशी त्यात आठवणी लिहायला बसली होती.

"अगं, काकांचं पान गेलं!" मावशीचा आवाज रडवेला झाला होता. "वॉर्डात आम्ही पहिल्यांदा भेटलो ते. सकाळभर लिहीत होते."

तिने लगेच विचारलं, "बंद करताना काय दाबलंस?"

"ठीक."

तिने फोन स्पीकरवर टाकला. डिझायनर पुढे झुकला. "मावशी, वरचा प्रश्न वाचला नाहीत का?"

"वाचला की! दोनदा वाचला. 'रद्द' दाबलं तर सगळं पुसलं जाईल, म्हणून तर 'ठीक' दाबलं."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पान काही परत मिळालं नाही. दुपारी बटणं रुंद झाली: 'जतन करून बंद करा', 'जतन न करता बंद करा', 'बंद करू नका'. बेढब दिसतात म्हणून तो कुरकुरत राहिला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. मावशी सांगत गेली, ती टाइप करत गेली.

"सकाळी लिहिलं होतं, हे माझ्यावर खेकसले. खोटं. खेकसले मीच. इंजेक्शन म्हटलं की पळायचा बाबा."

दोघी हसल्या. मावशीने चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"आणि हे 'निर्यात' काय गं? मला कुठे परदेशात माल पाठवायचाय?"

तिने डोळे मिटले. फाइल 'एक्स्पोर्ट' करण्यासाठी हाच शब्द हवा म्हणून ती स्वतः आख्ख्या ऑफिसशी भांडली होती.