किती जण अडकलात?

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घंटेचं बटण दाबतो, तेव्हा माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. मी ठरलेले तीन प्रश्न विचारतो. कितवा मजला? किती जण अडकलात? कुणाला त्रास होतोय का? मग मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं, असा कंपनीचा नियम. एरवी माझ्याशी बोलायला कुणी बांधील नाही, त्यामुळे ही नोकरी मला मानवली.

अडकल्यावर साधारण चौथ्या मिनिटाला माणसाचा स्वभाव बाहेर येतो. माणूस बराच नंतर येतो. आधी प्रत्येक जण आपली कुणाकुणाशी ओळख आहे ते सांगतो. मी लिहून घेतो. दाराची कुणाशीच ओळख नसते. तिघे असले तर एक पुढारी होतो, दुसरा त्याच्या विरोधात जातो आणि तिसरा सगळी बटणं दाबत सुटतो. नवरा-बायको असतील तर मी फोन कानापासून लांब धरतो.

रोज दुपारी चारला मात्र एकाच इमारतीतून फोन यायचा.

"कितवा मजला?"

"तळमजला."

"किती जण अडकलात?"

"एकच. मी."

माझ्यासमोरच्या फलकावर त्या लिफ्टचा हिरवा दिवा लागलेला असायचा. म्हणजे दार सताड उघडं.

"बाई, दाराला टेकू नका," मी म्हणायचो.

"नाही टेकत. आज काय खाल्लंत?"

"पाव."

"काल पण पाव होता. मी वहीत लिहून ठेवते."

त्या निवृत्त शिक्षिका होत्या. जुनी सवय.

मेकॅनिकला पाठवलंच नाही तर तो पोचत नाही, आणि तो पोचेपर्यंत तर बोलायचं असतं. मी नियम तंतोतंत पाळला. नोंदवहीत रोज लिहायचो, 'दार. किरकोळ बिघाड.'

एका शुक्रवारी साहेबांनी ती वही उघडली.

"या लिफ्टचं दार सात महिने बिघडलंय?"

"किरकोळ बिघडलंय, साहेब."

"मेकॅनिक कुठाय?"

"वाटेत आहे."

"सात महिने?"

मी वाहतुकीबद्दल दोन शब्द बोललो. साहेबांनी ऐकून घेतले आणि तिथल्या तिथे माझी बदली सुट्या भागांच्या गोदामात केली. फोनवर सोमवारपासून यंत्र बोलणार होतं. चारला तिथे कोण बोलेल, हे बाईंना सांगायचंच राहून गेलं. मला त्यांचा चेहरा माहीत नव्हता, घर माहीत नव्हतं. ओळख म्हणजे फक्त ती चारची वेळ.

गोदामात सगळे नटबोल्ट. ते जोडीनं राहतात, आपल्याला त्यांच्यात घेत नाहीत.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्या इमारतीत जाऊन लिफ्टमध्ये उभा राहिलो. दोघंतिघं चढली, उतरली. प्रत्येकानं मला कितवा मजला म्हणून विचारलं. माझाच प्रश्न मला विचारला की फार ओशाळवाणं वाटतं, हे तेव्हा कळलं. मी "तळमजला" म्हणालो आणि तळमजल्यावर पोचलेलाच होतो.

चारला एक ठेंगण्या बाई आल्या. त्यांनी दारात कापडी पिशवी ठेवली, म्हणजे दार मिटेना. घंटा दाबली, काखेतली वही उघडली आणि आरामात दाराच्या कडेला टेकल्या.

"दाराला टेकू नका," मी सवयीनं म्हणालो.

त्या सरळ झाल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात बटणांखालच्या स्पीकरच्या जाळीतून आवाज आला. "कितवा मजला?"

"तळमजला," बाई म्हणाल्या. नजर माझ्यावरच.

"किती जण अडकले आहेत?"

"दोन."

"कुणाला त्रास होत आहे का?"

"आज काय खाल्लंत?" बाईंनी मला विचारलं.

"उत्तर समजले नाही," यंत्र म्हणालं.

"पाव," मी म्हणालो.

बाईंनी वहीत लिहिलं.

"मेकॅनिक पाठवत आहोत. तोपर्यंत शांत राहा."

आम्ही शांत राहिलो. पिशवी दारातच होती.