अध्यक्षांच्या डोक्यावरचा फ्लॉवर

तीस वर्षांपूर्वी मुदत संपलेला रंगीत स्लाइडचा रोल माझ्या नवऱ्याने, ओर्टविनने, आजोबांच्या कॅमेऱ्यात घातला आणि आमच्या बागमंडळाच्या भाजी-स्पर्धेचे फोटो काढायला निघाला. मी म्हटलं, "अरे, एक दिवस शिळं दहीसुद्धा तू तोंडाला लावत नाहीस!"

त्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर रोल हाताने पुढे सरकवावा लागतो. नाही सरकवला, तर दुसरा फोटो पहिल्याच्याच उरावर बसतो. आणि ओर्टविन गप्पिष्ट, बोलण्याच्या नादात विसरणारच.

नोव्हेंबरात स्लाइड दाखवायला मंडळाच्या खोलीत पडदा म्हणून चादर टांगली, बटाट्याचं सॅलड आलं, दिवे मालवले. पहिल्या स्लाइडमध्ये गवत गुलाबी. दुसरीत टोमॅटो जांभळे, सासूबाई त्याहून जांभळ्या. "मला शोभतोय हा रंग," त्या म्हणाल्या, आणि सगळे खिदळायला लागले.

तिसरी स्लाइड आली. कुंपणाची उंची पट्टीने मोजणारे आमचे अध्यक्ष, त्सुंडेलसाहेब, छाती काढून उभे, आणि टकलावर हा एवढा फ्लॉवर उगवलेला!

कोणी खुर्चीवरून घसरलं, कोणाला सॅलडचा ठसका लागला. त्सुंडेल मात्र उठून चादरीपाशी गेले.

"हा फ्लॉवर कोणाचा?"

"माझा," मी कशीबशी म्हणाले.

"माझ्या डोक्यावर तुमचा फ्लॉवर?" ते ओर्टविनकडे वळले. "उद्या सकाळी कॅमेरा घेऊन या. माझा भोपळा याच्या तिप्पट आहे. आणि खबरदार, रोल पुढे सरकवलात तर!"