कोंडाबाईचा वेगळा ठेवलेला गडू

मी एक जुना पितळी गडू आहे. परभणीच्या एका तांबटाने मला घडवलं, आतून कल्हई केली. लग्नात कोंडाबाईच्या आईने माझ्या पोटावर 'कोंडाबाई येडबा' असं नवऱ्यासकट नाव घालून मला तिच्यासोबत सासरी पोखर्णीला पाठवलं. नाव जरा वाकडं आलं, पण आमची जोडी जमली. तिच्या मेंढरांमागे मीही रानोमाळ हिंडलो.

मित्रांनो, एका वर्षी कोंडाबाईच्या गळ्यातल्या ग्रंथीत गाठ झाली. ती कॅन्सरची निघाली. मुंबईच्या दवाखान्यात गाठ कापून काढली, तरी तिचे अंश कुठेतरी उरले होते. मग कोंडाबाईला एका खोलीत एकटीला ठेवलं. सोबतीला फक्त मी. नर्स गीताबाई दारातूनच समजावायच्या.

"या ग्रंथीला आयोडीनची भारी भूक असते. आधी किरणांचं आयोडीन थोडंसं पाजून यंत्रावर पाहिलं, ते कुठे जाऊन बसतं. आता जास्त पाजलंय. रोग जिथे लपलाय तिथे ते आपणहून जाईल आणि त्याला जाळेल. उरलेलं लघवीवाटे निघून जाईल. म्हणून पाणी भरपूर प्या."

एवढं काम मला जन्मात पडलं नव्हतं. कोंडाबाई माझ्यातूनच पाणी पीत राहिली. निघताना किरणं मोजणारं, टिकटिक करणारं यंत्र मलाही लावलं. मी साफ होतो. गीताबाईंनी बजावलं, "थोडं औषध अजून अंगात आहे, ते लाळेतून उतरतं. पुढची अमावास्या होईपर्यंत भांडं वेगळं ठेवा. लेकरांना मांडीवर घेऊ नका."

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसटी नव्हती. परभणीहून बैलगाडीने घरी पोचलो. सून कुसुमबाईने मला पडवीच्या कोनाड्यात ठेवलं. अमावास्या झाली, दुसरीही झाली. मी कोनाड्यातच. आमच्या गावात कुणाचं भांडं वेगळं ठेवतात आणि का, हे पितळेलाही कळतं. नात रुख्मिणी उंबऱ्याआडूनच आजीशी बोलायची. कुसुमबाई वाईट नव्हती, लेकरासाठी घाबरली होती. पण कोंडाबाईचं जेवण तुटलं. मला फार वाईट वाटायचं.

पुढे मुंबईला पुन्हा तपासणी झाली. यंत्रात रोगाचा मागमूस दिसला नाही. ती आणि येडबा दोघं आनंदात घरी आली. कुसुमबाईने कोनाड्यातून मला सासूपुढे ठेवलं आणि लांबूनच पाणी ओतलं. कोंडाबाई त्यातलं थोडं प्यायली. येडबा बघत होता.

"सूनबाई, बरं झालेलं मेंढरू कळपाबाहेरच ठिवलं तर काय करतंय?"

"चारा सोडतंय," कुसुमबाई हळूच म्हणाली. तीही मेंढरं राखणाऱ्या घरचीच लेक.

"मग आपन काय करायलोत?"

त्याने कोंडाबाईच्या हातून मला घेतलं आणि तो तिचं उरलेलं पाणी मला तोंड लावून प्याला. आमच्याकडे बायको नवऱ्याचं उष्टं खाते. नवऱ्याने बायकोचं उष्टं प्यालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आवो, काय करायलात तुमी?" कोंडाबाईने पदर तोंडाला लावला.

कुसुमबाईने मला उचललं, चिंचेने लखलखीत घासलं, माठातलं पाणी भरलं. मग लेकीला म्हणाली, "जा, आजीला पानी दे."

मित्रांनो, औषधाचं पथ्य जरूर पाळा. पण पथ्याचे दिवस संपले की माणसाला घरात घ्यायला विसरू नका. आज मला पोचे पडलेत, कल्हई उडाली आहे, तरी मी आतल्या फळीवरच असतो. त्या दिवशी रुख्मिणीने वाटेतच अर्धं पाणी पिऊन टाकलं, आणि उरलेलं आजीच्या मांडीवर बसून तिला पाजलं.