जखमेचं कारण

हिलालनाना माझे सख्खे काका. फौजेत पंधरा वर्षं काढून ते एकोणऐंशी साली चोपड्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा उजवा पाय ओढत चालायचे. पासष्टच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या मांडीत घुसला होता. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण नाना स्वतःहून ती कधी काढत नसत. फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं एक पुस्तक मात्र ते जपून ठेवत. नवे सोयरे आले की ते दाखवायचे. सोयरे दोन-चार पानं उलटून, मान डोलावून परत द्यायचे. पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात तेव्हा ते कोणालाच वाचता येत नव्हतं.

ते पहिल्यांदा वाचलं मी. चोपड्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. एकोणनव्वदच्या मे महिन्यात नाना जामनेरला एका लग्नाला गेले, तिथे त्यांना एक माजी सुभेदार भेटला. त्याने सांगितलं की पासष्ट साली जे प्रत्यक्ष लढले त्यांना एक वेगळं पदक आहे आणि जे जखमी झाले त्यांना आणखी एक. नानांना एकच पदक मिळालं होतं, तेव्हा नोकरीत असलेल्या बहुतेक सगळ्यांना मिळालं तेच. नाना घरी आले ते पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे. आपली ती दोन पदकं त्यात लिहिलेली आहेत का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

मी ओसरीवर बसून पान पान वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. भरतीची तारीख, उंची, छाती, हातावरची खूण. पदकांच्या रकान्यात एकच नाव. शेवटून दुसऱ्या पानावर दुखापतीची नोंद होती. ती मी विचार न करता मोठ्याने वाचली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुखापत, उजवी मांडी. कारण, गाडीवरून पडणे.

नानांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. भिकुबाईकाकू सुपात गहू निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"मी पडनू?" नाना हळूच म्हणाले. "गाडीवरतीन?"

पदकांचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

नोंद दुरुस्त करून पदकं द्यावीत, असं पहिलं पत्र आम्ही जूनमध्ये पाठवलं. पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस दूर परराज्यात होतं. नाना सांगायचे आणि मी इंग्रजीत उतरवायचे. नानांनी सांगितलं ते साधं होतं. चौसष्टला भरती झाल्यावर ते पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये होते. लढाई पेटली तेव्हा तिथून अकरा जवानांना घाईघाईने पंजाबच्या सरहद्दीवर पाठवलं. ते पोचले, एका कॅप्टनने त्यांची नावं खिशातल्या वहीत लिहून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एका कालव्याच्या काठावर नानांना तुकडा लागला.

उत्तर नोव्हेंबरात आलं. चार ओळींचं. नोंदींनुसार सदर जवान ऑगस्ट ते डिसेंबर १९६५ या काळात ट्रेनिंग सेंटरमध्येच होता, सबब मागणी मान्य करता येत नाही. वेगळा पुरावा असल्यास सादर करावा.

ते पत्र घेऊन आम्ही जळगावला माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी आम्हाला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सगळं नीट ऐकलं. ते म्हणाले, लढाईत असं पुष्कळ झालं आहे. कोण कुठे आला, कोण कुठे गेला, हे पलटणीचा कारकून रोज लिहून वर पाठवतो. तो कारकून मेला किंवा त्याचे कागद जळाले, तर मधेच येऊन मिळालेल्या माणसांची नोंद कुठेच होत नाही. कागदावर ती माणसं सेंटरमधून हललेलीच नसतात.

"मग आता?" मी विचारलं.

ते म्हणाले, डॉक्टरचा दाखला घ्या, बरोबरच्या कोणाचं प्रतिज्ञापत्र घ्या. जमेल असं त्यांनी म्हटलं नाही. जमणार नाही असंही म्हटलं नाही.

जळगावातच मेहरूणला माझी मावशी राहायची. तिच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नानांच्या मांडीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि हाडाच्या बाजूला बोटभर अंतरावर एक पांढरा ठिपका दाखवला. आत धातूचा तुकडा आहे, म्हणाले. दुखतो का? थंडीत दुखतो, नाना म्हणाले. डॉक्टरांनी तसा दाखला लिहून दिला. परतीच्या बसमध्ये नानांनी ती फिल्म मांडीवर आडवी धरली होती, वाकू नये म्हणून. तापीचा पूल ओलांडताना ते म्हणाले, आता कोणी काही म्हणू शकणार नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत उत्तर आलं की मांडीत धातू असल्याचं दाखल्यावरून दिसतं, परंतु तो केव्हा व कसा शिरला हे त्यावरून ठरत नाही.

राहिला साक्षीदार. ज्या कॅप्टनने नावं लिहून घेतली तो त्याच संध्याकाळी मारला गेला होता, वहीसकट. अकरांपैकी सहा जण तिथेच गेले. उरलेल्यांत नानांना एकाचाच पत्ता ठाऊक होता. जहांगीर, धुळ्याचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. नानांना कालव्यावरून पाठीवर घेऊन मागे आणणारा तोच. नाना वर्षातून एकदा तरी त्याच्याकडे जायचे, पण या कामासाठी जायला ते तयार नव्हते. मैत्रीत साक्ष मागायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी काकूंनीच त्यांना बसमध्ये बसवलं. मी सोबत होते.

जहांगीरचाचांचं घर पांझरेच्या काठी, एका अरुंद गल्लीत. ते पत्र्याच्या पेट्या बनवायचे. आम्ही गेलो तेव्हा दारातच बसून झाकणाला बिजागरी ठोकत होते. नानांना पाहून हातोडा खाली ठेवला आणि उठून मिठी मारली. त्यांच्या बायकोने, सलीमाचाचींनी, चहा टाकला.

काम काय आहे हे ऐकल्यावर चाचा हसले. एवढंच ना, म्हणाले, एक काय, दहा कागदांवर सही करतो. मग त्यांनी मला तो दिवस सांगितला. नानांनी कधी सांगितला नव्हता इतका. पहाटेपासून मारा चालला होता. नाना पडले ते पाण्यातच पडले. चाचांनी त्यांना ओढून काढलं, पाठीवर घेतलं आणि उसाच्या शेतातून मैलभर मागे आणलं. जखमींच्या गाडीत घातलं, तेव्हा नाना शुद्धीवर नव्हते. ती गाडी रात्री खड्ड्यात उलटली, असं त्यांनी पुढे कोणाकडून ऐकलं होतं. इस्पितळात पोचलेले सगळे उलटलेल्या गाडीतले, म्हणून तिथल्या कोणीतरी सगळ्यांच्या नावापुढे तेच कारण लिहून टाकलं असेल. मला त्यांचं म्हणणं पटलं. नानांच्या चेहऱ्यावरही एवढ्या महिन्यांनी उत्तर सापडल्यासारखं काहीतरी दिसलं.

प्रतिज्ञापत्रात साक्षीदाराचा नंबर आणि नोकरीचा तपशील लागतो, म्हणून मी चाचांचं पुस्तक मागितलं. ते त्यांनी कापडात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि कौतुकाने म्हणाले, "वाच बेटी, माझंही वाच. सलीमालाही ऐकू दे."

मी पान उलटलं आणि थांबले. ऑगस्ट ते डिसेंबर १९६५, ट्रेनिंग सेंटर. पुढे लिहिलं होतं की जानेवारी सहासष्टमध्ये पलटणीत रुजू. पदकांच्या रकान्यात नानांना होतं तेच एक.

मी नानांकडे पाहिलं. नानांना माझ्या तोंडावरून कळलं. त्यांनी किंचित मान हलवली, वाचू नकोस म्हणून. पण चाचा माझ्याकडेच बघत होते, आणि मला पटकन खोटं सुचलं नाही. मी जे होतं ते सांगितलं.

चाचांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, त्या पानावर बोट ठेवलं, जणू अक्षरं हाताला लागतील. मग सलीमाचाचींकडे पाहिलं. त्यांना कळलं नव्हतं, त्या कपबशा गोळा करत होत्या.

"मंग मी बी तठे नव्हतू का?" चाचा नानांना म्हणाले.

नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण चाचा हट्टाला पेटले. कागदात काहीही असो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते सांगणार, असं म्हणत ते आम्हाला धुळ्याच्या कोर्टात घेऊन गेले. तिथे स्टॅम्प पेपरवर टाइप करून त्यांनी सही केली. माझ्याही मनात कुठेतरी आशा होती. एकाच सेंटरमधल्या दोन माणसांच्या नोंदी सारख्याच चुकल्या आहेत, तर निदान कोणी विचार तरी करील.

विचार केला, पण उलटा. जुलैमध्ये नानांना पत्र आलं आणि त्याच तारखेचं एक चाचांनाही. साक्षीदार स्वतः त्या काळात ट्रेनिंग सेंटरमध्ये असल्याचं नोंदींवरून दिसतं. सबब त्याने शपथेवर खोटं कथन केलं असून त्याच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा.

चाचांचं पोस्टकार्ड चार दिवसांनी आलं, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यांनी ते पत्र शेजारच्या वकिलाकडून वाचून घेतलं होतं. वकिलाने सांगितलं होतं की शिक्षा होऊ शकते आणि पेन्शनही थांबू शकते. चाचांनी नानांना दोष दिला नव्हता. एवढंच लिहिलं होतं की सलीमा रात्रभर झोपत नाही आणि मला काय करावं ते सुचत नाही. तूच सांग.

नाना ते कार्ड घेऊन शेतात गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत. मी त्यांना शोधत गेले तेव्हा केळीच्या बागेत बांधावर बसले होते. मी म्हटलं, आपण जळगावच्या त्या कार्यालयात परत जाऊ, एखादा वकील करू, वर दिल्लीला लिहू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, माझ्यासोबत घरी आले आणि मला कागद-पेन घ्यायला सांगितलं.

"लिख," ते म्हणाले. "जहांगीर जे बोलना ते मी त्याले शिकाडेल व्हतं. त्यानी काही देखेल नही. तो फक्त मना दोस्त शे."

मी पेन खाली ठेवलं. "नाना, याचा अर्थ तुम्हीही तिथे नव्हतात असा होईल. तुम्ही स्वतः तसं लिहून दिल्यासारखं होईल. पुन्हा कधीच काही करता येणार नाही."

"माले समजस," नाना म्हणाले. "तू लिख."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नानांना अडवावं असं मला वाटत होतं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी लिहिलं. शाळेत मुलांना शिकवते तसं स्वच्छ, बिनचूक इंग्रजी लिहिलं. आपल्याला त्या गोष्टीची खंत आहे असंही नानांनी त्यात घालायला सांगितलं, म्हणजे साहेब लवकर मानतील. मग मी वाचून दाखवलं आणि त्यांनी फौजेत शिकलेली सही केली. इतकी सावकाश सही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात उत्तर आलं. खुलासा मान्य, साक्षीदारावर कारवाई नाही, प्रकरण कायमचं बंद. नानांनी मला एकच विचारलं, जहांगीरलाही असा कागद गेला असेल ना? गेला असेल, मी म्हटलं.

दसऱ्यानंतर चाचा आणि सलीमाचाची आमच्या गावी आले, दोन दिवस राहायला. चाचांचा चेहरा उजळला होता. जेवताना त्यांनी विचारलं की हे निस्तरलं कसं? नाना म्हणाले, साहेब चांगला भेटला, समजून घेतलं त्याने. चाचांना ते खरं वाटलं. नानांच्या त्या पत्राबद्दल कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही सांगणार नव्हतो.

"मग असा साहेब आहे तर अजून एक अर्ज कर ना," चाचा म्हणाले. "मी पुन्हा सही करतो. या वेळी तुझ्यासोबत माझंही नाव टाक. दोघांनाही मिळू दे."

नाना भाकरी मोडत म्हणाले, "पाहू." मग काकूंना म्हणाले, जहांगीरला भरीत वाढ.

काकूंनी वाढलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून मागच्या अंगणात गेले आणि त्यांचं जेवण होईपर्यंत आत आले नाही.