मात्रोनाचे यजमान

“अहो, आधी मोजे घाला बघू. मग कुठं उंडारायचं तिथं उंडारा,” मात्रोना म्हणाली.

ज्यांना म्हणाली ते तिचे यजमान त्या वेळी चार वर्षांचे होते. केसांना दोन गुलाबी पिना, नाकाला शेंबूड आणि हातात वाळवलेल्या माशाचा तुकडा. यजमानांनी मोजे घातले नाहीत. ते सरळ पलंगाखाली जाऊन बसले.

“जन्मभर हेच,” मात्रोना माझ्याकडे बघून म्हणाली. “मोजे म्हटलं की पळ काढायचा.”

“मग पाय धरून ओढ की बाहेर,” मी म्हटलं. “तेव्हा नवरा दाराएवढा होता, घाबरायचीस ते ठीक. आता तर गुडघ्याएवढा आहे.”

मला असं बोलायचा हक्क आहे. मात्रोना माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे सख्ख्या बहिणीशी जपून बोलतात, पण आते-मामेबहिणीची चारचौघांत टर उडवावीच लागते. दोन दिवस उडवली नाही तर लोक विचारतात, काय गं उस्तिन्या, भांडलात की काय?

तर यजमान. मात्रोनाचा नवरा निकिफोर गेला, त्याच हिवाळ्यात तिकडे शहरात, अँकरेजला, तिच्या मुलीला, व्हेराला, मुलगी झाली. चर्चमध्ये तिचं नाव लिडिया ठेवलं, पण खरं नाव दिलं ते निकिफोरचं घरातलं, इरालुक. गेलेल्या माणसाचं नाव लेकराला दिलं की नावाबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर त्याची सगळी नातीगोती येतात. मुलगा की मुलगी, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. म्हणून व्हेरा स्वतःच्या लेकीला ‘बाबा’ म्हणते, मात्रोना नातीला ‘अहो’ म्हणते, आणि मी म्हणते ‘दाजी’. दाजींनी अजून चड्डीत शू करणं पुरतं सोडलेलं नाही, पण मान तो मान.

एवढी वर्षं हे ‘अहो’ फोनवरच चालायचं. व्हेरा अँकरेजच्या इस्पितळात नर्स आहे, तिला सुट्टी मिळेना. या मार्चात वसंताच्या नाचांसाठी ती आठवडाभर आली आणि येताना एक बेत घेऊन आली. पोरीचा पहिला नाच आपल्या गावात व्हायला हवा, आणि तो अस्वलाच्या गाण्यावर व्हायला हवा.

मात्रोना चहा ओतत होती. तिचा हात थांबला.

“दुसरं कुठलंही घे,” ती म्हणाली. “ते नको.”

“का नको, आई? बाबांचं गाणं आहे. बाबांनीच नाचायला नको?”

मात्रोनानं पुन्हा ओतायला घेतलं. चहा मात्र कपाबाहेर सांडला.

हे अस्वलाचं गाणं म्हणजे मात्रोनाचीच फजिती. लग्न होऊन पहिलाच उन्हाळा. ती बेरी वेचायला माळावर गेली होती. बादली भरत आली, तेवढ्यात धुक्यात समोर काहीतरी तपकिरी, गोल, वाकलेलं, आणि घुरघुरतंय. मात्रोना बादली टाकून जी पळाली ती होडीत जाऊन उताणी पडली. थोड्या वेळानं अस्वल होडीपाशी आलं आणि म्हणालं, “सूनबाई, बादली विसरलीस गं.” ती तिची सासू होती. अंगात तपकिरी कोट, आणि घुरघुरत नव्हती, भजन म्हणत होती. बादली निम्मी रिकामी होती, कारण वाटेत अस्वलाला भूक लागली होती.

निकिफोरनं त्याच हिवाळ्यात ह्याचं गाणं केलं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करून हात काळे झाले की तो डफ घेऊन बसायचा, आणि गावात कुणाचं काही फसलं की त्याचं गाणं व्हायचं. पण बायकोवरचं हे गाणं सगळ्यांत गाजलं. नाचायची ती स्वतः मात्रोनाच. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर साऱ्या गावाच्या पोरांना जेवू घालणारी, एरवी मान वर करून न बोलणारी बाई, हातात पंखे आले की वेगळीच व्हायची. ती वाकून बेरी वेचायची, डोळ्यांवर हात धरून धुक्यात बघायची, आणि अस्वल दिसल्यावर तिचे डोळे असे काही व्हायचे की सासूबाईच पहिल्या हसून लोळायच्या.

आमच्याकडे नाच आवडला की लोक ‘पाम्युआ!’ म्हणून ओरडतात. म्हणजे शेपूट राहिलंय, पुन्हा होऊ दे. हे बघणाऱ्यांनी ओरडायचं असतं, वाजवणाऱ्यांनी नाही. निकिफोर मात्र डफ वाजवता वाजवता स्वतःच ओरडायचा. मात्रोना दमून खाली बसायला लागली की हा कोपऱ्यातून ‘पाम्युआ!’ आणि तिला पुन्हा उभं राहावं लागायचं. घरातसुद्धा तेच. सुपाचा दुसरा वाडगा हवा असला की ‘पाम्युआ’. व्हेराच्या घरीही तीच रीत पडली. परवा दाजींना चरबीत फेसलेल्या बेरी दिल्या, तर वाटी चाटूनपुसून पुढं केली आणि म्हणतात कसे, “पाम्युआ!” मात्रोना तेव्हा घाईघाईनं चुलीकडे वळली होती.

निकिफोर गेला तो अँकरेजच्या इस्पितळात. शेवटच्या फोनवर म्हणाला होता, “मला न्यायला ये. इथलं सूप म्हणजे नुसतं पाणी आहे.” मात्रोना बॅग भरून धावपट्टीवर जाऊन बसली. नदीवरून धुकं उठलं ते उठलंच. ती रोज जायची आणि रोज परत यायची. धुकं फाटल्यावर जे पहिलं विमान उतरलं, त्यातून निकिफोरच आला, पेटीत. आम्ही सगळ्यांनी रडून घेतलं. मात्रोना एवढंच म्हणाली, “त्यांनी न्यायला बोलावलं होतं. मी गेलेच नाही.”

वर्षभर घरच्यांनी नाचायचं नसतं, ते ती पाळणारच होती. पण वर्ष संपलं, आणखी तीन वर्षं गेली, तरी पंखे खुंटीवरून खाली आले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायची, गुडघे गेले. गुडघे! ह्याच गुडघ्यांवर ती दर सप्टेंबरात टोपल्यांसाठी गवत कापत दिवस दिवस वाकलेली असायची. मी टर उडवली, टोमणे मारले, एकदा तर चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत तिला ‘लाकडाची मात्रोना’ म्हटलं. एरवी तिनं मला सव्वापट परत दिलं असतं. ती नुसती हसली. तेव्हा मी खरी घाबरले.

तिला वळवलं ते एवननं. एवन म्हणजे निकिफोरच्या शेजारी बसून वाजवणारा म्हातारा. तो काठी टेकत आला आणि कोट न काढताच बसला.

“हे बघ मात्रोना, ते गाणं आता पुरतं मला एकट्याला येतं. आणि माझी छाती कशी वाजते ते तू ऐकतेसच. मी गेलो की अस्वलही गेलं. पोरीला नाचू दे. बाकीचे ऐकतील, दोघंतिघं तरी उचलतील.”

मात्रोना पुष्कळ वेळ बोटानं टेबल पुसत राहिली.

“ते नाचतील,” ती शेवटी पलंगाखालच्या यजमानांकडे बघत म्हणाली. “मी नाही.”

मग आठवडाभर त्या घरात धमाल चालली. मात्रोनानं निळ्या फुलांच्या कापडाचा टोपीवाला झगा एका बैठकीत शिवला. गवताचे दोन इवलेसे पंखे विणले आणि कडेनं रेनडिअरच्या मानेचे लांब पांढरे केस लावले. पहिला नाच म्हटलं की वडीलधाऱ्यांना काहीतरी द्यावं लागतं, म्हणून वाटीएवढ्या टोपल्या विणून ओळीनं खिडकीत मांडल्या. आणि रोज दुपारी शिकवणी. मात्रोना खुर्चीत बसून हात करून दाखवायची आणि दाजी समोर उभे राहून करायचे.

“अहो, बेरी अशी हिसकायची नसते. हलक्या हातानं घ्या.”

“अस्वल खरं होतं?”

“नव्हतं हो. तुमच्या आई होत्या.”

पोरगी चक्रावून व्हेराकडे बघायला लागली. “माझी आई तर ही आहे.”

“ही तुमची मुलगी,” मात्रोना शांतपणे म्हणाली. “गुडघे वाकवा.”

बाहेरही सगळं गाव तिला तेच शिकवत होतं. दुकानात, चर्चमध्ये, नदीवर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेले म्हातारे, जो तो तिला थांबवायचा. “काय इरालुक, पुष्कळ दिवसांनी आलास! वाजवायला कोण बसणार? तुझी खुर्ची रिकामी आहे बघ.” शाळेच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्यांच्या ओळीत शेवटी निकिफोरची खुर्ची असायची. मुद्दाम कुणी रिकामी ठेवली होती असं नाही, पण तिच्यावर कुणी बसत नसे. लोक कोट ठेवायचे. पोरगी सगळं गंभीरपणे ऐकून घ्यायची. आम्ही मोठी माणसं बोलतो आणि विसरतो. ती विसरत नव्हती.

नाचाच्या दिवशी दुपारपासून हॉल भरला. आसपासच्या गावांतून लोक नदीच्या बर्फावरून गाड्या पळवत आले होते. पोरं एकमेकांच्या अंगावर लोळत होती, बायकांनी मूस नावाच्या थोरल्या हरणाच्या मांसाच्या सुपाची पातेली आणली होती. दुसऱ्या गावच्या पोरांनी नदीत रुतलेल्या गाडीचा नाच केला, तो लोकांनी चारदा करायला लावला. मग एवननं नाव पुकारलं. “इरालुक! पहिला नाच.”

व्हेरानं पोरीचा झगा सारखा केला आणि तिला मैदानात, म्हणजे हॉलमधल्या मोकळ्या जागेत, सोडलं. हातात पंखे घेऊन ती मधोमध आली. पोरीनं चारी बाजूंना बघितलं. मग वळली, टुकुटुकु चालत वाजवणाऱ्यांच्या ओळीपाशी गेली, शेवटच्या खुर्चीवरचा कोट ओढून खाली टाकला आणि वर चढून बसली. पाय लोंबत होते.

आधी कुणी हसलंच नाही. मग हॉल जो फुटला! व्हेरा तोंडावर हात धरून उभी राहिली. एवन पोरीकडे बघत होता, आणि त्या म्हाताऱ्याचे डोळे भरलेले मला बसल्या जागेवरून दिसले. त्यानं आपल्या हातातली छडी तिला दिली, शेजाऱ्याची स्वतः घेतली आणि डफावर पहिली थाप टाकून गाणं सुरू केलं.

मैदान रिकामं होतं. गाणं चाललंय आणि नाचायला कुणी नाही, असं आमच्याकडे होत नाही. मी मात्रोनाकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते. ते हलायला लागले होते.

“मात्रोना,” मी म्हटलं, “नवरा वाजवायला बसलाय. जातेस, की तुझं अस्वल मी नाचू? मी तुझं सोंग कसं आणेन ते तुला ठाऊक आहे.”

“तू?” ती म्हणाली. “तुझ्या ढुंगणाला बघून सासूबाई थडग्यातून उठतील. सरक.”

चार वर्षांनी तिनं मला परत दिलं होतं! मला तिथंच तिचा मुका घ्यावासा वाटला. ती उठली. तिच्याकडे पंखे नव्हते. मी गळ्यातला रुमाल काढून पुढं केला, तो तिनं घेतला नाही. नुसत्या हातांनी मैदानात गेली.

आणि वाकली. पहिली बेरी अशी उचलली की तिचा रस बोटांना लागल्यासारखा वाटला. गुडघे डफाबरोबर खालीवर होत होते, ते गेलेले गुडघे. तिनं बादली भरली, कपाळ पुसलं. मग डोळ्यांवर हात धरून धुक्यात बघायला लागली. गाण्यात इथं सगळे हसतात. ह्या वेळी ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिच्या धुक्यात काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हसलं नाही. मग तिनं डोळे मोठ्ठे केले, बादली फेकली आणि पळाली, आणि हॉल हसून हसून लोळला. मी हसत होते आणि रडतही होते. नाक कुणाच्या कोटाला पुसलं ते अजून आठवत नाही.

गाणं संपलं. मात्रोना छातीवर हात ठेवून, धापा टाकत आमच्याकडे यायला निघाली. लोक अजून डोळेच पुसत होते, म्हणून क्षणभर कुणी ओरडलं नाही.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून खणखणीत आवाज आला. “पाम्युआ!”

मात्रोना जागच्या जागी थांबली. खुर्चीकडे पाठ, आणि मान खाली. मग खांदे हलले. रडते आहे असं वाटून मी उठले, तर ती हसत होती.

“मेल्यानं कधी एकावर सोडलं नाही,” ती म्हणाली आणि परत फिरली.

त्या दिवशी यजमानांनी तिला तीनदा नाचवलं. एवनच्या मागं उभ्या असलेल्या दोघांचे ओठ तिसऱ्या वेळी गाण्याबरोबर हलत होते, ते मी बघितलं.

सगळं आटपलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मार्चात तो लांबतो. टोपल्या वाटून झाल्या होत्या. दाजी खुर्चीतच छडी धरून झोपी गेले होते, आणि एक बूट खाली गळून पडला होता.

“आई, दे, मी उचलते,” व्हेरा म्हणाली. “तू दमलीस.”

“नको,” मात्रोना म्हणाली. “मी नेते ह्यांना घरी.”

ती खाली बसली. आम्ही पोरीला तिच्या पाठीवर दिलं. मी तो बूट उचलला.

दाराशी मात्रोना थांबली. हात मागं नेऊन तिनं लोंबणारा पाय चाचपला. तो उघडा होता.

“बघितलंस? मोजे घातलेच नाहीत,” ती म्हणाली.

आणि तिनं दातांनी आपल्या हातातला फरचा हातमोजा ओढून काढला आणि माझ्याकडे दिला. मी तो त्या पायावर चढवला. मग ती नदीकाठच्या वाटेला लागली. ती वाकून हळूहळू चालत होती, मागून मी आणि व्हेरा. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात बायकोचा हातमोजा घालून आमचे दाजी घरी निघाले.