सातव्या टोपलीतला ससा

निवडीच्या दिवशी ताईला सकाळपासूनच जिवावर आलं होतं. ससे पाळणाऱ्यांच्या संघाची ती लांबट शेड, तीत ओळीने मांडलेल्या बारा टोपल्या, प्रत्येकीत एक तरणा नर आणि मागे निकालाच्या दिवशीच्या पोरांसारखी चुळबुळणारी मालक मंडळी. तीस वर्षं ती हेच करत आली होती. रूप बघून सांगायचं, हा पैदाशीला राखायचा की काढायचा. राखला तर कानात शाईचा आकडा आणि वर्षभर त्याची पिल्लं घरोघर. काढला तर विषय संपला. तिच्या निकालावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता, आणि हल्ली तिला त्याचाही कंटाळा आला होता.

त्यात आज सातव्या टोपलीत तिच्या धाकट्या भावाचा ससा होता. धाकट्याने कारखान्यातली नोकरी सोडून ससे धरले होते. त्याचे आधीचे दोन नर ताईनेच काढले होते, एक फेंगड्या पायांचा म्हणून, दुसरा पाठीत पोकळ म्हणून. हाही गेला तर पिंजरे विकून पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहायचं, हे भावजयीने तिला फोनवर सांगून ठेवलं होतं. वर म्हणाली, "तुम्ही काही करा असं नाही म्हणत मी." म्हणजे तेच म्हणत होती.

पहिले सहा उभ्याउभ्याच उरकले. पाठ चाचपायची, कणा हाताला टोचता कामा नये. डोळे कोरडे, कान आतून स्वच्छ. मागच्या तळव्यांवर दाट लव हवी, नाहीतर जाळीवर बसून तळवे सोलवटतात. शेवटी ससा काखेत धरून ओठ उचलायचा आणि वरून एक नजर टाकायची. वरचे दात खालच्यांच्या पुढे, सरळ. राखायचा. सहाच्या सहा राखले. कुणी हसलं, कुणी नमस्कार केला, ताईने मात्र गुडघा दाबला.

सातव्यापाशी गुडघ्याने हात टेकले. "स्टूल दे रे ते," ती म्हणाली आणि बसली. धाकटा ससा घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. राखाडी, भरदार, कान ताठ, नजरेत धिटाई. देखणेपणात काही कमी नव्हतं. तिने ओठ उचलला. दारातला उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सशाचे दात तिच्या डोळ्यांसमोर होते, डोळ्यांखाली नव्हते.

दात सरळ होते, पण त्यांना धार नव्हती. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, एकमेकांवर घासून त्यांना पटाशीसारखी तिरकी धार येते. ज्याचा जबडा जुळत नाही त्याचे घासतच नाहीत, वाढत वाढत तोंडाबाहेर येतात, आणि समोर चारा असून तो उपाशी मरतो. हा दोष बापाकडून पिल्लांत उतरतो. हे दात सपाट होते. कापलेले.

"कधी कापलेस?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"धाकट्या, तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. कधी कापलेस?"

"काल."

तिचं डोकं सणकलं. "माझ्याच डोळ्यांत धूळ फेकतोस?"

तो सशाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "ह्याच्या आजोबाचेही मीच कापायचो, ताई."

आजोबा म्हणजे करडा. सहा वर्षांपूर्वी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून तो नर तिने स्वतः संघासाठी निवडला होता आणि सांभाळायला धाकट्याकडे दिला होता. असा रुबाबदार, की तो टोपलीतून बाहेर यायच्या आधीच ती 'राखायचा' म्हणून मोकळी झाली होती. ओठ उचलायचा राहिला होता, हे तिला आत्ता आठवलं.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कसा बोलणार? असा ससा तीस वर्षांत पाहिला नाही, असं तू गावभर सांगत सुटली होतीस."

ताईने मान वर करून ओळीकडे पाहिलं. शेडमधला एकेक ससा करड्याच्या वंशातला होता. "सहावी टोपली आणा पुन्हा," ती म्हणाली. सपाट. पाचवी. सपाट. आठवी न मागताच पुढे आली, तिच्यातही तेच.

मागच्या मालकांतला सुतार खाकरला. "आदल्या दिवशी सगळे माझ्याकडेच जमतात, ताई. माझी कापायची पकड बारीक आहे."

"वाईट वाटून घेऊ नका," निवृत्त मास्तर म्हणाले. "तुम्ही एकदा राखायचा म्हणालात, की आम्हाला बरं वाटतं."

"आणि ह्यांची पिल्लं?"

"जगतात त्यांचे कापतो," सुतार म्हणाला.

तिला रागवायचं होतं, पण राग धरायलाही अंगात बळ नव्हतं. सहा वर्षं ही सगळी माणसं तिला जपत होती, आणि तिच्या चुकीपायी पिल्लं समोर चारा असून उपाशी मरत होती. आपल्याला असं जपलं गेल्याची तिला मनापासून लाज वाटली.

"निकालाची वही घे," ती धाकट्याला म्हणाली. "लिही. सातवा, काढायचा. कारण, दात."

त्याने लिहिलं. स्वतःचे पिंजरे, कारखान्याचं दार, सगळं त्या एका ओळीत गेलं, तरी त्याचं अक्षर हललं नाही.

"बाकीचे अकराही काढायचे. करड्याचं रक्त असलेला एकही ठेवायचा नाही." "आता खाली लिही, मूळ निवड चुकली. निवडणारी कोण, तेही लिही."

धाकट्याचं पेन थांबलं. "ते राहू दे ना, ताई."

तिने वही त्याच्या हातातून काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि आपलं नाव स्वतः लिहिलं.